मशीन परत बोलायला लागेपर्यंत

ताईंचा फोन आला तेव्हा मी मुलुंडहून अंधेरीला ऑफिसात निघाले होते आणि बस पवईच्या सिग्नलला अडकली होती. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या सर्व्हरच्या खोलीतून करपल्यासारखा वास येतोय. आणि तो घूं-घूं आवाज असतो ना, तो बंद झालाय. मी मेन स्विच पाडलाय. बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर केलंत ताई."

"मग आता?"

"आता तुम्ही चहा घ्या. मी येते," म्हटलं आणि बसमधून उतरले.

ताई घाटकोपरच्या एका छोट्या संस्थेत ग्रंथपाल आहेत. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही संस्था पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. वरच्या मजल्यावर, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली आहे, तिथे वाचणारे येतात आणि तासन्‌तास वाचतात. ऐकणाऱ्यांनी फक्त एक नंबर फिरवायचा. साधा फोन असला तरी चालतो. पलीकडून मशीन बोलतं, कुठलं पुस्तक हवं विचारतं, आणि काल जिथे फोन ठेवला होता तिथून पुढे वाचायला लागतं. ज्यांची नजर उतारवयात गेली, ज्यांना मोबाईलवरची बटणं शोधणं जमत नाही, अशा लोकांचा त्या नंबरवर फार जीव. ताई स्वतः लहानपणापासून पाहू शकत नाहीत. मराठी घेऊन एम.ए. केलेलं, साठीला आलेल्या, आणि फोनवर इतक्या चटपटीत की समोरचा वाक्य पूर्ण करायच्या आधी त्यांचं उत्तर तयार असतं.

आमची कंपनी छोटी आहे. दुसऱ्यांचे कॉम्प्युटर चालू ठेवणं हा आमचा धंदा, आणि त्यातलं बॅकअपचं खातं माझं. म्हणजे लोकांच्या मशीनच्या रोज प्रती काढायच्या, त्या नीट आहेत का बघायचं, आणि त्यांची कधी गरज पडू नये अशी आशा करायची. कित्येक वर्षं मी हे करत आले आणि कित्येक वर्षं गरज पडली नव्हती. घरी कुणाला माझं काम समजावता येत नाही ते यामुळेच.

त्या करपलेल्या खोलीत लोखंडी पेटीसारखा एकच सर्व्हर होता, पण त्याच्या आत चार मशीन राहत होती. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यांना स्वतःचं शरीर नसतं. एखादं मशीन म्हणजे खरं तर एक भलीमोठी फाईल. ती ज्या पेटीवर ठेवाल तिचा मेंदू आणि मेमरी वापरून ती जगते. पेटी जळाली तरी फाईलची प्रत दुसरीकडे असेल तर दुसऱ्या पेटीवर ती पुन्हा उठवता येते. प्रत होती. रोज रात्री ती घाटकोपरहून अंधेरीला आमच्याकडे येत होती. आणि अंधेरीच्या ऑफिसात कुलूपबंद गार खोलीत आमचे स्वतःचे सर्व्हर ओळीने लावलेले आहेत. त्याला आमचे सर मोठ्या अभिमानाने प्रायव्हेट क्लाउड म्हणतात. माझी आई मालवणची. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ढग कधी कोणाचो खाजगी असता काय?"

बसमधून उतरून मी आधी माझ्या सहकाऱ्याला फोन लावला. तो वेसाव्याचा कोळी, नेटवर्कचं सगळं त्याच्याकडे. आम्ही एकाच वर्षी कंपनीत लागलो, त्यामुळे एकमेकांना काहीही बोलायची मुभा आहे.

"वाट लागली ना?" त्याने ऐकून घेतल्यावर विचारलं. "नवीन सर्व्हर यायला पंधरा दिवस धर."

"नवीन नकोच. चारही मशीन आपल्याकडेच उठवू. क्लाउडवर."

"सगळी? आपण कधी केलंय का असं?"

"एकेक करून केलंय. ट्रायलला."

"ट्रायल वेगळी ना यार."

"म्हणून तर मजा येईल."

"तू अशी बोलायला लागलीस की मला भीती वाटते," तो म्हणाला, पण मागे खुर्ची सरकल्याचा आणि गार खोलीचं दार उघडल्याचा आवाज मला ऐकू आला. म्हणजे तो निघालाच होता. सरांनीही फार प्रश्न न विचारता होकार दिला. ठरलं असं की तो अंधेरीत सर्व्हरपाशी थांबेल आणि मी घाटकोपरला ताईंच्या शेजारी, कारण मशीन उठलं की ते खरंच काम करतंय का हे तिथूनच कळणार होतं.

मी पोचले तेव्हा ताईंनी एक काम आधीच उरकून ठेवलं होतं. फोन कंपनीला सांगून पुस्तकं ऐकायचा तो नंबर त्यांनी आपल्या टेबलावरच्या फोनवर वळवून घेतला होता. "लोक फोन करणार, आणि कुणी उचललाच नाही तर त्यांना वाटेल संस्था बंद पडली," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसले.

मशीन कुठल्या क्रमाने उठवायची याला महत्त्व आहे. सगळ्यात आधी दारावरचं मशीन, म्हणजे कोण आपलं आणि कोण परकं हे ओळखणारं. त्याच्याशिवाय बाकीची मशीन एकमेकांना ओळखच देत नाहीत. मग पुस्तकांची यादी आणि प्रत्येक ऐकणाऱ्याची खूण सांभाळणारं. मग ध्वनिमुद्रणांचं, जे सगळ्यात अवजड. आणि शेवटी फोन उचलून बोलणारं. मी पहिलं मशीन निवडलं, आदल्या रात्रीची प्रत निवडली, बटण दाबलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी तो स्पीकरवर घेतला, त्यांना हात मोकळे लागतात.

"हॅलो, हे काय, आज मशीन नाही?" म्हाताऱ्या माणसाचा खणखणीत आवाज होता.

"काका, मशीन आजारी आहे. डॉक्टरीणबाई आल्यात, शेजारीच बसल्यात," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "बोरिवलीचे काका. आयुष्यभर बस चालवली, मग नजर गेली. रोज जेवण झालं की ऐकतात. आज सकाळीच लावलाय म्हणजे राहवलेलं नाही."

काका एक रहस्यकथा ऐकत होते. कोकणातल्या एका बंदरावर दीपगृहाचा रखवालदार एका सकाळी नाहीसा होतो, आणि गावातला घड्याळं दुरुस्त करणारा त्याचा मित्र त्याला शोधायला निघतो. "घड्याळजी जिना चढत होता हो," काका म्हणाले. "वर कुणाचा तरी पाय वाजला. आणि नेमका तिथे आमच्याकडे पाहुणे आले. रात्रभर माझ्या डोक्यात तो पाय."

ताईंनी विचारलं, "दिवा हातात होता की विझला होता?"

"विझला होता."

"मग ऐका," ताई म्हणाल्या, आणि पदर सारखा करून त्यांनी सुरुवात केली.

मी असं कधी ऐकलं नव्हतं. त्या पुस्तकातली वाक्यं सांगत नव्हत्या, गोष्ट सांगत होत्या. जिन्यावरचा ओला वास, भिंतीला हात लावत चढणारा माणूस, वरच्या खोलीत उघडझाप करणारं दार. मध्येच काका "हं" म्हणायचे आणि त्या पुढे जायच्या. हिरवी पट्टी शेवटाला पोचली होती हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझा मोबाईल थरथरला तेव्हा मी दचकले.

"अगं, पहिलं मशीन उठलंय, तू आहेस कुठे?" सहकारी विचारत होता.

"दीपगृहात," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. दुसरं लावते."

काकांचा फोन ठेवला तोवर दुसरा आला. मग तिसरा. दहावीतल्या एका मुलीला इतिहासाचा धडा हवा होता. तो ताईंनी इतका रंगवून सांगितला की तिने शेवटी विचारलं, "बाई, तुम्ही आमच्या शाळेत याल का शिकवायला?" मुलुंडच्या एक आजी पाककृतीचं पुस्तक ऐकत होत्या आणि फणसाच्या सांदणांपाशी अडकल्या होत्या. ते काही ताईंना येत नव्हतं. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे सरकवला. मी आईला फोन लावून विचारलं, आजींना सांगितलं, आजींनी पुन्हा आईला काहीतरी उलटं विचारायला लावलं, आणि पाच मिनिटांनी मी मध्ये नव्हतेच, दोन फोन एकमेकांसमोर धरून नुसती बसले होते.

दुसऱ्या मशीनने मात्र त्रास दिला. प्रत पूर्ण उतरली, मशीन सुरू झालं आणि लगेच निळा पडदा दाखवून बसलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा निळा पडदा. याच मशीनमध्ये सगळ्यांच्या खुणा होत्या, कोण कुठल्या पुस्तकात कुठे पोचलंय ते. त्या गेल्या असत्या तर शेकडो लोकांना आपापलं पान नव्याने शोधावं लागलं असतं.

"प्रतच खराब असेल का?" सहकाऱ्याने विचारलं.

"नाही. प्रत मी दर आठवड्याला तपासते. प्रत चांगली आहे." हे मी ज्या ठामपणे म्हटलं त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. पण ते खरं होतं, आणि प्रत चांगली असेल तर दोष दुसरीकडे असणार. मग लक्षात आलं. जुन्या पेटीत या मशीनला एका प्रकारच्या डिस्कची सवय होती, आमच्या क्लाउडवर दुसऱ्या प्रकारची. नवी डिस्क ओळखण्यासाठी लागणारा ड्रायव्हर त्याच्याकडे नव्हताच. ते बिचारं डोळे उघडत होतं आणि घर ओळखू येत नाही म्हणून परत मिटत होतं.

"जुन्या पद्धतीची डिस्क दाखव त्याला," मी म्हटलं. "एकदा जागं झालं की आत जाऊन ड्रायव्हर घालू, मग नवी देऊ."

त्याने तसं केलं. पडदा काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला, आणि मग लॉगिनची खिडकी आली. मी यादी उघडली. पहिलंच नाव बोरिवलीच्या काकांचं शोधलं. त्यांच्या नावापुढे रहस्यकथा होती आणि खूण बरोबर जिन्यापाशी होती. मी ताईंचा हात धरला आणि म्हटलं, "खुणा आहेत ताई. सगळ्यांच्या आहेत." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. मग पुन्हा वाजणारा फोन घेतला.

ध्वनिमुद्रणांचं मशीन इतकं मोठं होतं की ते उतरायला रात्रसुद्धा पुरणार नाही हे उघड होतं. आम्ही ते चालू ठेवून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी मी पोचले तर ताई माझ्या आधी आल्या होत्या आणि काका फोनवर होते. गोष्ट शेवटाला आली होती. समुद्र खवळला होता, घड्याळजी होडी उलटून पाण्यात पडला होता, आणि काका श्वास रोखून ऐकत होते. मीही पर्स खांद्यावरून न काढता उभीच राहिले. ताईंनी घड्याळजीला एका फळीचा आधार दिला, रात्रभर तरंगवलं, आणि पहाटे मासेमारीच्या बोटीवरच्या लोकांनी त्याला वर ओढून घेतलं. काकांनी लांब श्वास सोडला. "फार छान झालं," ते म्हणाले. "मला वाटलं गेला." आणि फोन ठेवून दिला.

दुपारपर्यंत तिसरं मशीन उठलं. मी एक-दोन ध्वनिमुद्रणं लावून पाहिली, आवाज स्वच्छ होते. मग चौथं, फोनचं. ते पहिल्या फटक्यात सुरू झालं. फोन कंपनीला सांगून नंबर पुन्हा मशीनकडे वळवला आणि मी माझ्या मोबाईलवरून तो फिरवला. दोन रिंग झाल्या, पलीकडे कुणीतरी उचलला, आणि मग काहीच नाही. नुसती शांतता.

"उचलला ना?" सहकाऱ्याने दुसऱ्या फोनवर विचारलं. "इकडे दिसतंय कनेक्टेड."

"उचलला. पण बोलत नाही."

"रुसलंय."

पुन्हा केला, पुन्हा तेच. पुस्तकं होती, खुणा होत्या, फोन लागत होता, आणि मशीन मुकं. ताई कान देऊन बसल्या होत्या. मी त्यांना समजावून सांगितलं की फोन लागायची वाट वेगळी असते आणि आवाज जायची वेगळी. पहिली मोकळी आहे, दुसरीत कुठेतरी अडलंय. सांगता सांगता मलाच सुचलं. मी सहकाऱ्याला विचारलं, "ते मशीन स्वतःचा पत्ता काय सांगतंय बघ ना. फोन कंपनीला आवाजासाठी कुठला पत्ता देतंय?"

कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग तो हसायला लागला. "घाटकोपरचा. अगं, याला वाटतंय हे अजून घाटकोपरलाच राहतं."

"मग त्याला सांग ना, घर बदललंय."

त्याने पत्ता बदलला, फायरवॉलमध्ये आवाजासाठी लागणारी दारं उघडली आणि म्हणाला, "आता लाव." मी टेबलावरचा फोन स्पीकरवर करून ताईंपुढे सरकवला. "तुम्ही लावा."

त्यांनी तो नंबर बोटांनी न अडखळता फिरवला. दोन रिंग. आणि मग संस्थेत रोज ऐकू येणारा तो ओळखीचा बाईचा आवाज, नमस्कार, आपलं स्वागत आहे, पुस्तक निवडण्यासाठी एक दाबा. वर ध्वनिमुद्रण करणारे दोघं जिन्यावरून धावत खाली आले. शिपायाने टेबलावर ठेवलेला चहाचा ट्रे परत उचलला आणि आणखी कप आणायला गेला. फोनमध्ये माझा सहकारी ओरडून विचारत होता, "झालं का? कुणी सांगेल का मला?" आणि आम्ही सगळे इतके बोलत होतो की त्याला कुणी उत्तरच दिलं नाही. मी मात्र खुर्चीत बसून हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. इतक्या वर्षांच्या त्या प्रती अखेर कुणाच्या तरी कानापर्यंत पोचल्या होत्या.

सोमवारी मी तपासणीसाठी पुन्हा घाटकोपरला गेले होते, तेव्हा काकांचा फोन आला. या वेळी मुद्दाम ताईंच्या टेबलावरच्या नंबरवर.

"ताई, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "मशीन सुरू झालं म्हणून मी गोष्ट परत ऐकली. जिन्यापासून. तुम्ही आणि मशीन जुळतंय का बघत होतो. सगळं जुळलं. पण मशीनच्या गोष्टीत घड्याळजी बुडतो."

ताई पदराशी चाळा करायला लागल्या.

"बुडतो आणि सापडतच नाही. तुमच्यात तर वाचला होता."

"हो," ताई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "मला तो आवडायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून मला वाटायचं, त्याला उगीच मारलं."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बरोबर केलंत. मी तुमचंच धरून चालतो. आता एक करा, मशीनमध्ये तुमची गोष्टपण घाला. मी माझ्या मित्रांना सांगून ठेवलंय."

ताई नको नको म्हणाल्या. लेखकाच्या गोष्टीत आपण हात घालणं बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. पण संस्थेत ही हकिकत पसरली आणि त्यातून वेगळीच गोष्ट निघाली. आठवड्यातून एक दुपार ताईंनी स्वतःच्या गोष्टी सांगायच्या, कुठल्याही पुस्तकातल्या नाहीत, आणि त्या मशीनवर ठेवायच्या. त्यासाठी आम्ही पाचवं मशीन उभं केलं. नवी पेटी नाही, नवी खोली नाही, अंधेरीत बसून अर्ध्या तासात झालं.

पाचवं मशीन सुरू झालं त्या रविवारी माझ्या सहकाऱ्याने आम्हाला वेसाव्याला जेवायला बोलावलं. मी आणि ताई गेलो, काकाही आले. त्यांचा मुलगा त्यांना सोडून गेला. सहकाऱ्याची आई मासे विकते, अजून पहाटे बाजारात जाते. तिने ताईंना ओट्यापाशी बसवलं आणि शिजवायच्या आधी एकेक मासा त्यांच्या हातात दिला. पापलेटाचं गुळगुळीत अंग, सुरमईची लांबी, कोळंबीच्या मिशा. बोंबील हातात आला तेव्हा ताई म्हणाल्या, "हा तर हातातच राहत नाही." त्याच्या आईने त्यांना सांगितलं की तिची सासू बोंबलाला काय म्हणायची, आणि ते इतकं वाह्यात होतं की काकांनी तोंड फिरवलं आणि आम्ही पोट धरून हसलो.

जेवणानंतर आम्ही फेरीबोटीने पलीकडे मढला गेलो. सहकाऱ्याची आई सगळी वाट बोलत होती. तिच्या लग्नात नवऱ्याची बोट वाळूत रुतून बसली होती ती गोष्ट, आणि तिच्या आजीने एकदा जाळ्यात अडकलेलं कासव सोडवून त्याच्या पाठीवर कुंकू लावलं होतं ती. ताई मध्येमध्ये प्रश्न विचारत होत्या. मढला उतरायच्या आधी त्या म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे येऊन हे सगळं सांगाल का? तुमच्याच बोलीत?"

"मी? कशाला, मना वाचता पण येत नाय."

"वाचायचं नाहीच. बोलायचं."

ती आली. बाजार उरकून, केसांत ताजी वेणी माळून, ठेवणीतलं लुगडं नेसून. वरच्या गाद्या लावलेल्या खोलीत तिला बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, तेव्हा तिने आधी वेणी चेपत नाही ना हे चाचपून पाहिलं. काचेच्या अलीकडे मी, तिचा मुलगा आणि ताई उभे होतो. मुलगा इतका घाबरला होता की नखं खात होता. ताईंनी खूण केली. माईकवरचा लाल दिवा लागला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग काचेतून आमच्याकडे, आणि बाजारातल्या टोपलीमागून बोलते त्या आवाजात विचारलं, "चालू करू काय?"